‘हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’: परदेशात बसून घरचा टीव्ही पाहणं

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

विषय जरा हलका वाटेल, पण मला तो एका साध्या प्रश्नापासून सुरू करायचा आहे. प्रश्न माझा नाही, माझ्या आईचा आहे.

मी नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला होते. काम नेटवर्किंगचं. एका हिवाळ्यात आई सासवडहून माझ्याकडे आली. व्हिसा नव्वद दिवसांचा. सामानात गोडा मसाला, कुरडया आणि दादाचा जुना टॅबलेट. त्या टॅबलेटवर एका मराठी वाहिनीचं ॲप होतं आणि दादानं वर्षाचे पैसे भरलेले होते. आईची मालिका रात्री साडेआठची. म्हणजे हिवाळ्यात जर्मनीत दुपारचे चार. पहिल्या दिवशी चार वाजता आई चहा घेऊन बसली, टॅबलेट उघडला आणि पडद्यावर वाक्य आलं : हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

आईनं मला हाक मारली. म्हणाली, “अगं, पैसे तर आपणच भरलेत ना? मग माझी मालिका मला का दिसत नाही?”

मी नेटवर्कवाली. मी म्हटलं, थांब, आत्ता लावून देते. त्या ‘आत्ता’ला आठ दिवस लागले. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला त्याहून बराच जास्त वेळ लागला. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे असं समजा.

कॅसेटचे दिवस

आधी थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. आमच्या सासवडलाही, अँटेना नीट फिरवली तर. त्या काळात जो माणूस अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेला, त्याचं घरच्या टीव्हीशी नातं तुटलंच. कारण मनोऱ्यावरून निघालेली लहर शे-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जात नाही.

मग व्हीसीआर आला. ‘रामायण’ दूरदर्शनवर १९८७ आणि ८८मध्ये झालं, त्यामागोमाग १९८८ ते ९० ‘महाभारत’. परदेशातल्या भारतीय किराणा दुकानांत डाळी-तांदळाच्या शेजारी कॅसेटची मांडणी असायची. शनिवारी कोथिंबीर घ्यायला जायचं आणि येताना चार कॅसेट भाड्यानं आणायच्या.

पण इथे एक तांत्रिक भिंत होती आणि ती आज फार थोड्यांना आठवते. भारतात आणि इंग्लंडमध्ये टीव्हीची पद्धत होती ‘पाल’ : चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत पद्धत होती ‘एनटीएससी’ : ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. कॅसेटचा डबा दोन्हीकडे सारखाच. ती अमेरिकेतल्या व्हीसीआरमध्ये जायची, फिरायचीसुद्धा. पण चित्र नुसतं वर-खाली धावायचं. म्हणजे लंडनच्या मावशीला पाठवलेली कॅसेट दिसायची आणि न्यू जर्सीच्या काकांना पाठवलेली दिसायची नाही.

न्यू जर्सीचे काका मला खरोखरच आहेत आणि त्यांना अशी एक कॅसेट खरोखरच पाठवली होती. ती गोष्ट शेवटी सांगते. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की ती त्यांच्याकडे लागली नाही.

आकाशातून पडलेली सावली

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ला सुरू झाला. मराठीत अल्फा मराठी १९९९ला आली, आज तिला आपण झी मराठी म्हणतो. ईटीव्ही मराठी २०००ची, ती पुढे कलर्स मराठी झाली. दूरदर्शननंही १९९५मध्ये परदेशातल्या प्रेक्षकांसाठी आंतरराष्ट्रीय वाहिनी काढली.

दूरचित्रवाणीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वी फिरते त्याच वेगानं तोही फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो आणि डिश एकदाच लावून भागतं. त्याचा झोत जमिनीवर जिथे पडतो तो त्याचा प्रदेश. मध्यभागी झोत दाट, कडेला विरळ. दाट भागात दोन-अडीच फुटांची डिश पुरते, कडेला मोठी लागते.

आता गंमत बघा. झोत काही पासपोर्ट तपासत नाही. भारतासाठी सोडलेला झोत थोडा आखातातही सांडतो. म्हणून गावाकडून येताना आपल्याकडचा डीटीएचचा डबा सोबत नेणारी, गच्चीवर मोठी डिश लावून घरचा टीव्ही पाहणारी माणसं दुबई-मस्कतमध्ये होती. दरमहा रिचार्ज गावाकडचा भाऊ करायचा. हे अधिकृत नव्हतं. त्या कंपनीला भारताबाहेर सेवा विकायचा परवानाच नव्हता.

इथे आपल्या विषयातला कळीचा मुद्दा पहिल्यांदा दिसतो. तंत्राची सीमा वेगळी आणि कराराची सीमा वेगळी. आईच्या टॅबलेटवर जे वाक्य आलं, ते या दुसऱ्या सीमेवरून आलं होतं.

भाग तुमच्यापर्यंत कसा येतो

आपण म्हणतो, मालिका इंटरनेटवर आहे. प्रत्यक्षात काय होतं? बावीस मिनिटांच्या भागाचे चार-सहा सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकडा दोन-चार दर्जांत तयार ठेवतात : धूसर, बरा, स्वच्छ. तुमचं ॲप एकामागून एक तुकडा मागवतं आणि नेट मंदावलं की हलक्या दर्जाचा तुकडा मागवतं. म्हणून मध्येच चित्र धूसर होतं आणि परत सुधारतं. हे तुकडे जगभर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठवलेले असतात. त्यामुळे अंतर ही आता अडचणच उरलेली नाही. सासवडचा भाग श्टुटगार्टला दोन सेकंदांत सुरू होऊ शकतो.

पण पहिला तुकडा देण्याआधी सर्व्हर एक गोष्ट पाहतो : मागणी कुठून आली? प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो. हे पत्ते जगातल्या पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाची संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. कोणत्या पत्त्यांचा गठ्ठा कोणत्या देशातल्या कंपनीला दिला, याच्या नोंदी उघड असतात आणि त्यावरून देश ओळखायच्या याद्या तयार होतात. पोस्टाच्या पिनकोडसारखंच समजा. पत्रावर नाव कुणाचंही असो, आकड्यावरून गाव कळतं.

आईचं नाव, खातं, भरलेले पैसे, सगळं भारताचं होतं. पिनकोड मात्र जर्मनीचा. सर्व्हरनं फक्त तेवढंच पाहिलं.

ही भिंत बांधली कुणी?

आईला वाटलं, कंपनी दुष्ट आहे. मलाही थोडं तसंच वाटलं. पण कारण वेगळं आहे.

कॉपीराइट हा हक्क देशागणिक चालतो. १८८६च्या बर्न करारापासून देश एकमेकांच्या लेखक-कलावंतांचे हक्क मानतात, पण प्रत्येक देशात कायदा त्या देशाचाच लागतो. त्यामुळे हक्कही जमिनीच्या गटांसारखे तुकड्या-तुकड्यांनी विकता येतात. भारताचे एकाला, अमेरिकेचे दुसऱ्याला, आखाताचे तिसऱ्याला.

सगळ्यात ठळक उदाहरण क्रिकेटचं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क लिलावात एकूण ४८,३९० कोटींना गेले. त्यात भारतीय उपखंडाचे टीव्हीचे हक्क वेगळे, डिजिटलचे वेगळे. परदेशाचे आणखी वेगळे आणि तेही प्रदेशांनुसार वाटलेले. आता ज्यानं अमेरिकेचे हक्क घेतले, तो म्हणणारच की भारतातलं ॲप अमेरिकेत चाललं तर मी पैसे कशाचे मोजले? म्हणून करारातच अट असते : तुमच्या प्रदेशाबाहेर दाखवायचं नाही आणि त्यासाठी भिंत घालायची.

मालिकांचंही तेच, फक्त आकडे लहान. त्यात कधी एखादं सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला वापरलेलं असतं आणि त्याची परवानगी एकाच देशापुरती घेतलेली असते. मग परदेशी आवृत्तीत तेवढा आवाज बंद करतात किंवा तो भागच टाकत नाहीत.

आणि एक कारण सरळ हिशेबाचं. ज्या देशात मराठी प्रेक्षक थोडे, तिथे ॲप सुरू करायचं म्हणजे तिथला कर, तिथले नियम, पैसे घ्यायची सोय, तक्रारींची सोय. पाच-सात हजार घरांसाठी ते कुणाला परवडत नाही. म्हणजे हक्क कुणाला विकलेले नसतानाही भिंत असू शकते. तिथे भिंत कुणी मुद्दाम बांधलेली नसते, दार करायचंच राहून गेलेलं असतं.

या भिंतीला आव्हान कुणी दिलंच नाही असं नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला एक पबवाली बाई होती. ब्रिटिश वाहिनीचं शुल्क परवडेना म्हणून तिनं ग्रीसमधल्या वाहिनीचं कार्ड आणून पबमध्ये फुटबॉल दाखवलं. तिच्यावर खटला झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि ४ ऑक्टोबर २०११ला निकाल लागला : युरोपीय संघात सेवांचा बाजार एक आहे, त्यामुळे दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायला सरसकट बंदी घालता येणार नाही.

पुढे युरोपीय संघानं नियमच केला. १ एप्रिल २०१८पासून संघातल्या एका देशात पैसे भरून घेतलेली सेवा, तुम्ही तात्पुरते दुसऱ्या सदस्य देशात गेलात तर तिथेही मिळाली पाहिजे, जादा पैसे न घेता. म्हणजे माझा जर्मन शेजारी सुट्टीत स्पेनला गेला तर त्याची मालिका त्याच्यासोबत जाते. आई सुट्टीत जर्मनीला आली, तिची मालिका सासवडलाच राहिली. कारण भारत आणि युरोपमध्ये असा नियम नाही.

यातला ‘तात्पुरते’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कायमचं परदेशी राहणाऱ्याला तुम्ही म्हणू शकता की बाबा, तुझ्या देशातली सेवा घे. पण तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या आईनं काय करायचं? तिनं कुणाचा बाजार बुडवला? तिनं जर्मनीतलं मराठी वाहिनीचं शुल्क चुकवलं म्हणावं, तर तशी सेवाच तेव्हा मला सापडली नव्हती.

मग लोक काय करतात

आता लोकांनी काढलेल्या वाटा बघू. काही चांगल्या आहेत, काही धूसर, काही सरळ धोक्याच्या.

पहिली वाट व्हीपीएन. तुमच्या यंत्रापासून दुसऱ्या देशातल्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोगदा तयार होतो. तुमची मागणी त्या टोकाला बाहेर पडते, म्हणून तिथला पिनकोड दिसतो. मीही आईसाठी पहिल्यांदा हेच केलं. चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी बंद. कारण एकाच पत्त्यावरून हजारो लोक आले की ॲपच्या लक्षात येतं आणि तो पत्ता काळ्या यादीत जातो. त्यात एप्रिल २०२२मध्ये भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’नं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून टाकले. आता त्यांचा ‘भारतीय’ पत्ता प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या ठिकाणच्या यंत्रावर असतो.

व्हीपीएन वापरणं बहुतेक देशांत गुन्हा नाही. पण ॲपच्या अटींचा तो भंग असू शकतो आणि खातं बंद होऊ शकतं. आखातात मात्र जपून. संयुक्त अरब अमिरातीत पत्ता लपवून बेकायदा काम केलं तर दंड पाच लाख दिरहमपासून वीस लाख दिरहमपर्यंत आहे. एका मालिकेसाठी ही किंमत नाही.

दुसरी वाट फार थोड्यांना माहीत असते. भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर असेल तर तुमचा डेटा बहुतेक वेळा आधी भारतातल्या कंपनीच्या दारातून जातो आणि मग इंटरनेटवर येतो. म्हणून तुम्ही श्टुटगार्टला असलात तरी पत्ता भारतातलाच दिसतो. अडचण खर्चाची. बरा दर्जा म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिट धरले, तर बावीस मिनिटांचा एक भाग ४९५ एमबी, म्हणजे अर्धा जीबी होतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे नव्वद दिवसांत सुमारे ७७ भाग. ३८ जीबीच्या आसपास डेटा. रोमिंगच्या दरानं हे परवडत नाही. मात्र सिम चालू ठेवण्याचा दुसरा फायदा आहे : पैसे भरताना लागणारा ओटीपी त्याच्यावरच येतो. जाताना सिम बंद पडू देऊ नका.

तिसरी वाट आपलाच टीव्ही लांबून पाहणं. अमेरिकेत दोन भाऊ होते, त्यांना प्रवासात आपल्या गावच्या बेसबॉल संघाचे सामने दिसेनात. त्यांनी ‘स्लिंगबॉक्स’ नावाचा डबा काढला, २००५मध्ये. घरच्या सेट-टॉप बॉक्सला तो जोडायचा आणि जगात कुठूनही आपलाच टीव्ही पाहायचा. पण त्याचं काम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि घरोघरचे डबे निकामी झाले.

आमच्या घरात स्लिंगबॉक्सचं काम वहिनीनं केलं. आठव्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, “आई, मी टीव्हीसमोर मोबाइल उभा करून ठेवते, तुम्ही बघा.” हळदी-कुंकवाच्या तबकाला टेकवून मोबाइल उभा केला. चित्र तिरकं, आवाजात पंख्याची घरघर, मध्येच दादाच्या चपला दिसायच्या. आई इतकी खूश! मालिका संपली की दोघी सासू-सुना त्या मालिकेतल्या सासूला बोल लावत बसायच्या. (हशा) मला तेव्हा कळलं की आईला नुसता भाग बघायचा नव्हता. तो चार माणसांबरोबर, त्याच वेळी बघायचा होता.

चौथी वाट म्हणजे ‘सगळ्या वाहिन्या आयुष्यभर’ असं सांगून विकले जाणारे स्वस्त डबे. एकदा पैसे द्या, हजार वाहिन्या बघा. हे चोरीचं प्रक्षेपण असतं. पैसे ना वाहिनीला जातात, ना त्या मालिकेत काम करणाऱ्यांना. डबा उद्या बंद पडला तर तक्रार कुणाकडे करणार? शिवाय घरच्या वायफायला कुणाचं तरी अनोळखी यंत्र जोडलेलं राहतं. माझ्या धंद्यात राहून मी तुम्हाला सांगते, हा डबा घरात आणू नका.

पाचवी वाट टॉरेंट. लोकांना वाटतं आपण फक्त उतरवून घेतोय. नाही. टॉरेंटमध्ये तुम्ही घेतलेला तुकडा त्याच वेळी दुसऱ्यांना वाटत असता आणि तुमचा पत्ता सगळ्यांना दिसत असतो. जर्मनीत त्यावरून वकिलाची नोटीस घरी येते, शेकडो युरो भरा म्हणून. नव्यानं आलेल्या कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी हा धडा मिळतो.

‘डाउनलोड’ म्हणजे नक्की काय?

आता डाउनलोडकडे येऊ. या एका शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत आणि त्यात बरीच फसगत होते.

ॲपमध्ये डाउनलोडचं बटण असतं. पुण्याहून निघताना विमानात बघायला म्हणून तुम्ही दहा भाग घेता. फाइल तुमच्या फोनवर आली हे खरं, पण ती कुलूपबंद आहे. किल्ली वेगळी येते आणि किल्लीला मुदत असते. कुठे दोन दिवस, कुठे महिना. ती किल्ली त्या एकाच ॲपला, त्या एकाच फोनवर चालते. विमानात भाग दिसतो, पण उतरल्यावर फोन जर्मनीच्या नेटला जोडला आणि ॲपनं पत्ता तपासला, की तोच भाग बंद होऊ शकतो. पडद्याचं चित्रण करायला जावं तर नुसता काळा चौकोन येतो, कारण चित्र पडद्यापर्यंत नेणारी वाटसुद्धा बंदिस्त केलेली असते.

म्हणजे हे भाड्याचं घर आहे. बॅगा तुमच्या, कुलूप मालकाचं.

दुसरा अर्थ जुना : फाइल आपली, केव्हाही लावा, कुठेही लावा. व्हीसीआरच्या काळात रेकॉर्डिंगचा हा अर्थ होता. तेव्हाही त्यावर खटला झाला होता. अमेरिकेत चित्रपट कंपन्यांनी सोनी कंपनीला कोर्टात खेचलं. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की कार्यक्रम सोयीच्या वेळी बघता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणं, हा योग्य वापर आहे. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर कदाचित व्हीसीआरचा इतिहासच वेगळा झाला असता.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ५२व्या कलमात खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची सवलत आहे. पण २०१२च्या दुरुस्तीनं ६५-ए हे कलम आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मी वकील नाही, पण ढोबळ नियम असा धरा : उघड्यावर असलेलं आपल्यापुरतं ठेवणं एक गोष्ट, कुलूप तोडणं दुसरी आणि तोडून वाटत सुटणं तिसरी. तिसरी कुठल्याच देशात चालत नाही.

ठेवलेल्याचं मोल

तुम्ही म्हणाल, ठेवायचं कशाला? सगळं ऑनलाइन आहेच की. इथेच माझा खरा मुद्दा आहे.

बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच टेप परत वापरल्या. त्यात ‘डॉक्टर हू’ या प्रसिद्ध मालिकेचे शंभराच्या आसपास भाग गेले. काही परत मिळाले, ते कुठे? परदेशात. २०१३मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले, तिथल्या केंद्राला कधीकाळी दाखवायला पाठवलेले. आणि गेलेल्या सगळ्या भागांचा निदान आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून भरून घेतला होता. मूळ मालकानं घालवलं आणि लांबच्या गिऱ्हाइकानं राखलं.

आता काकांच्या कॅसेटची गोष्ट.

माझे बाबा पुरंदरचे अंजीर बागायतदार. १९८८मध्ये दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ कार्यक्रमात ते दोन मिनिटं दिसले होते. खट्टा बहार आणि मीठा बहार यातला फरक सांगत होते. शेजारच्या व्हीसीआरवर ते भरून घेतलं, दोन कॅसेट केल्या. एक घरी, एक न्यू जर्सीला काकांना. घरची कॅसेट लोक येतील तेव्हा लावायची. मग आत्याच्या लग्नाच्या वेळी कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा त्याच्यावरच लग्न भरलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. काकांची कॅसेट पाल-एनटीएससीच्या भांडणात कधी लागलीच नाही. लागली नाही म्हणून कुणी तिच्यावर दुसरं काही भरलं नाही. ती तळघरात, एका खोक्यात, तीस वर्षं पडून राहिली.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी घर बदललं आणि खोकं निघालं. त्यांनी दोन्ही पद्धतींचा व्हीसीआर असलेलं दुकान शोधलं, फाइल करून घेतली आणि मला पाठवली. आई तेव्हा माझ्याकडेच होती. हाच तो हिवाळा. चित्राला वरून पांढऱ्या रेघा, रंग उडालेले, पण आवाज स्वच्छ. बाबा चाळिशीतले, टोपी नीट करत, आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर. आईनं दोन मिनिटं पाहिलं. मग म्हणाली, “परत लाव.” त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा आईनं तिला सांगितलं, आज मालिका नको.

त्या कार्यक्रमाचा कॉपीराइट प्रसारणापासून साठ वर्षं, म्हणजे २०४८ संपेपर्यंत आहे. माझ्याकडे आहे ती आमच्यापुरती प्रत. मी ती कुठे टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण ती आहे.

आजच्या मालिकांचं काय होणार? ‘चार दिवस सासूचे’सारख्या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एखादी कंपनी दुसरीत विलीन होते, ॲपचं नाव बदलतं, जुने भाग ‘परवडत नाहीत’ म्हणून निघतात. भाड्याच्या घरात तुम्ही तक्रार करू शकत नाही. आणि घरोघरी कॅसेटच नसल्यामुळे यावेळी कुणाच्या तळघरातही काही सापडणार नाही.

थोडक्यात काय करावं

एक : आधी अधिकृत दार शोधा. वाहिनीच्या परदेशी आवृत्तीची चौकशी करा. अनेक मराठी वाहिन्या आणि दूरदर्शन यूट्यूबवर बरंच काही मोफत ठेवतात. दोन : आई-वडील येणार असतील तर त्यांच्या मालिकेचं ते यायच्या आधी तपासा, चार वाजता चहा घेऊन बसल्यावर नको. तीन : दार नसेल तर वाहिनीला लिहा. कुठल्या गावात किती घरं आहेत ते कळवा, मंडळातर्फे कळवा. पाच-सात हजार घरं दिसली तर कदाचित हिशेब बदलतो. चार : चोरीचे डबे आणि टॉरेंट नकोच. पाच : घरातल्या माणसाचं कुठे काही प्रसारित झालं असेल, तर त्याची प्रत वाहिनीकडे रीतसर मागा, लगेच मागा आणि दोन ठिकाणी ठेवा. एक परगावी.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. आई, पैसे आपण भरले होते, पण मालिकेचे नव्हते. भारतात बसून, आजच्या दिवशी, त्या ॲपमधून ती बघण्याचे होते. हे पावतीवर कुणी ठळक लिहीत नाही, म्हणून तुला फसवल्यासारखं वाटलं. तुझं वाटणं चूक नव्हतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नातवंडांनी मराठी मालिका बघितल्यानं मराठी टिकतं का?

उत्तर : नुसत्या बघण्यानं कानावर पडतं, बोलणं येत नाही. माझ्या मुलाला मालिकेतल्या सासूचे टोमणे समजायचे, पण उत्तर तो जर्मनमध्ये द्यायचा. आई तीन महिने शेजारी बसून “आता ही काय म्हणाली सांग बघू” असं विचारायची, तेव्हा तो मराठीत बोलायला लागला. भाग हे निमित्त, शेजारचं माणूस महत्त्वाचं.

प्रश्न : वहिनींनी मोबाइल लावून दाखवलं, तेही नियमात बसतं का?

उत्तर : (हशा) काटेकोर बघायचं तर वकिलाला विचारायला हवं. पण एका सुनेनं सासूला फोनवर घरचा टीव्ही दाखवला म्हणून कोर्टात गेलेली वाहिनी माझ्या ऐकण्यात नाही. सर्व्हर बंद पडले की स्लिंगबॉक्स बंद पडला. वहिनी मात्र अजून चालू आहे.